एका टिंबाने कळंब जिल्ह्याबाहेर

धाराशिव जिल्ह्याची ओळख करून देणारा कुठलाही मजकूर काढा. स्पर्धा परीक्षेचं गाइड असो, एखाद्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण असो की इंटरनेटवरचं पान, एक वाक्य त्यात बहुतेक सापडतंच: जिल्हा १७.३५ ते १८.४० अंश उत्तर अक्षांश आणि ७५.१६ ते ७६.४० अंश पूर्व रेखांश यांच्या दरम्यान आहे. हे वाक्य पाठ करायचं आणि पुढे जायचं, अशी रीत आहे. पुढे बालाघाटाचे डोंगर येतात, तेरणा-मांजरा येतात, तुळजाभवानी येते. त्या चार आकड्यांकडे पुन्हा कुणी वळून पाहत नाही.

आपण पाहू. फोनवर नकाशा उघडून कळंब गावावर बोट दाबून धरलं की दोन संख्या दिसतात. पहिली १८.५७ च्या आसपास असते. जिल्ह्याची उत्तर हद्द १८.४० असेल, तर कळंब या जिल्ह्यात नाही. वाशी १८.५४ च्या जवळपास, म्हणजे तीही नाही. भूम १८.४६, तेही गेलं. उमरग्याचा रेखांश ७६.६२ आणि पूर्वेची हद्द ७६.४०, म्हणजे उमरगाही बाहेर. आठ तालुक्यांपैकी चार तालुक्यांची मुख्य गावं एका वाक्याने जिल्ह्याबाहेर काढली. त्या बदल्यात दक्षिणेची हद्द कलबुर्गी शहराच्या पातळीपर्यंत खाली उतरली आणि पश्चिमेची करमाळ्याच्या पलीकडे गेली. एरवी एखादा तालुका इकडचा तिकडे करायचा तर मोर्चे निघतात, वर्षानुवर्षं निवेदनं दिली जातात. इथे एका टिंबाने काम झालं.

ते टिंब मुळात तिथे नसणार. मूळ आकडे १७ अंश ३५ मिनिटं, १८ अंश ४० मिनिटं, ७५ अंश १६ मिनिटं आणि ७६ अंश ४० मिनिटं असे असावेत. जुन्या गॅझेटियरांची लिहिण्याची पद्धत हीच होती. पुढे कधीतरी टाइप करताना अंशाचं वर्तुळ आणि मिनिटाची तिरकी रेघ सापडली नसेल, म्हणून कुणीतरी मध्ये टिंब दिलं. त्याला ते टिंब नुसतं दोन आकडे वेगळे ठेवायला हवं होतं. वाचणाऱ्यांनी त्याला दशांशचिन्ह मानलं. हा माझा तर्क आहे, पण तो ताडून पाहता येतो. १८ अंश ४० मिनिटं म्हणजे दशांशात १८.६६७. कळंब, वाशी, भूम तिन्ही आत आले. ७६ अंश ४० मिनिटं म्हणजे ७६.६६७, उमरगाही परत आला. दक्षिणेची हद्द १७.५८३ वर चढली आणि कलबुर्गी कर्नाटकात राहिलं. चौकट नीट बसली.

हिशेब साधा आहे. एका अंशाची ६० मिनिटं, एका मिनिटाचे ६० सेकंद. दशांशात आणायचं तर मिनिटांना ६० ने भागायचं, सेकंदांना ३६०० ने, आणि दोन्ही अंशात मिळवायचं. उलट जायचं तर टिंबापुढचा भाग ६० ने गुणायचा. पूर्णांक आला ती मिनिटं, उरलेला भाग पुन्हा ६० ने गुणला की सेकंद. सहावीतलं गणित. पण मिनिटं तशीच टिंबापुढे ठेवली, तर आपण ६० ऐवजी १०० ने भागलेलं असतं, आणि या चुकीचा एक गमतीदार गुण आहे: ती नेहमी एकाच बाजूला पडते. शंभराने भागलेलं साठाने भागलेल्यापेक्षा कमीच भरणार. त्यामुळे आपल्या देशात अशी चूक ठिकाणाला कायम दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे ढकलते, उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे कधीच नाही. किती ढकलते, तेही सांगता येतं. मिनिटांना दीडशेने भागा, तेवढे अंश.

म्हणून तुळजापूर जवळजवळ जागेवर राहतं. त्याचा अक्षांश १८ अंशांच्या अगदी काठावर आहे, मिनिटं नसल्यातच जमा, त्यामुळे अक्षांशापुरतं तरी बिघडायला काही नाही. धाराशिव शहर १८ अंश ११ मिनिटांवर आहे. ते १८.११ झालं की आठ किलोमीटर दक्षिणेला, तुळजापूरच्या दिशेने सरकतं. कळंब १८ अंश ३४ मिनिटांवर, ते पंचवीस किलोमीटर खाली येतं. आणि ५९ मिनिटांवरचं एखादं गाव असेल तर ते चाळीस किलोमीटरहून जास्त घसरतं. एकाच यादीत एक गाव बरोबर, दुसरं थोडं चुकलेलं, तिसरं भलतीकडेच, असं दिसलं की माणूस यंत्राला दोष देतो, उपग्रहाला देतो, ढगाळ हवेला देतो. टिंबाचा संशय सहसा कुणाला येत नाही.

* * *

खरं तर साठाच्या हिशेबाशी मराठी घरांची ओळख जुनी आहे. धाराशिवच्या शेजारी सोलापूरहून निघणारं दाते पंचांग उघडा. ग्रहांची स्थानं राशी, अंश, कला, विकला अशी छापलेली असतात. अंशाच्या ६० कला, कलेच्या ६० विकला. दिवसाच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळं. पंचांग पाहणारा कुणीही १८ अंश ४० कला याला अठरा पूर्णांक चाळीस शतांश म्हणणार नाही. जुन्या भारतीय ज्योतिर्गणिताची मध्यरेषा उज्जैनमधून जायची आणि उज्जैनचा रेखांश ७५.७७ च्या सुमारास आहे. ती रेषा सरळ खाली ओढली तर भूम आणि येरमाळा यांच्या मधून जाते. जगाचा शून्य रेखांश ग्रीनिचला ठरला तो १८८४ च्या वॉशिंग्टनच्या परिषदेत. त्याआधी शतकानुशतकं आपल्या ज्योतिषांचा शून्य आजच्या धाराशिव जिल्ह्यातून जात होता. अर्थात त्यामुळे भूमकरांच्या आयुष्यात काही फरक पडला असेल असं नाही.

साठाचं हे नातं संगणकालाही माहीत आहे आणि त्याचा एक उपयोग थोड्याच लोकांना ठाऊक असतो. स्प्रेडशीटच्या घरात अंश-मिनिटं-सेकंद वेळेसारखे लिहा: १८:११:००. शीट त्याला अठरा तास अकरा मिनिटं समजतं आणि आत दिवसाचा अपूर्णांक म्हणून साठवतं. शेजारच्या घरात त्याला २४ ने गुणा आणि साध्या संख्येचं रूप द्या, १८.१८३३ मिळतं. रूपांतर झालं, भागाकारांचं लांब सूत्र लिहावं लागलं नाही. रेखांश २४ च्या पुढचा असतो म्हणून तिथे तासांचं रूप ‘दिवस उलटला तरी मोजत राहा’ असं निवडावं लागतं, एवढंच.

पण हीच शीट गुपचूप एक नुकसानही करते. कुणी १८ अंश ४० मिनिटांसाठी १८.४० लिहिलं, तर शीट शेवटचं शून्य निरुपयोगी म्हणून गाळतं आणि १८.४ दाखवतं. पुढचा माणूस ते १८ अंश ४ मिनिटं वाचतो. चाळीसचे चार झाले, गाव ६६ किलोमीटर सरकलं, आणि सबंध शीटमध्ये लाल रंगाची एक खूण दिसत नाही.

अशी बिघडलेली यादी हाती आली तर ओळखायची कशी? टिंबानंतरचे पहिले दोन आकडे पाहावेत. खऱ्या दशांशात ००पासून ९९पर्यंत काहीही येऊ शकतं. मिनिटांत ६० किंवा त्यापुढचं काही येऊच शकत नाही. दहा नोंदी आहेत आणि एकाही नोंदीत ६० ते ९९ मधलं काही नाही, तर तसं निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. जिल्ह्याच्या त्या वाक्यात चारच आकडे आहेत, ३५, ४०, १६, ४०. चारही साठाच्या आत. पुरावा म्हणून चार थोडे झाले, पण संशयाला पुरेसे आहेत.

* * *

दहा-पंधरा वर्षांपूर्वी हा विषय सर्वेक्षण खात्याचा, भूगोलाच्या प्राध्यापकांचा आणि गिर्यारोहकांचा होता. आता तो शेताच्या बांधावर आला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून पिकाचा फोटो काढायचा आणि फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जायचे. शेततळं, विहीर, घरकुल, रस्ता, झाड लावणं, पंचनामा, कशाचंही काम असो, ‘जीपीएस फोटो टाका’ हा निरोप येतोच. फोटोच्या खालच्या पट्टीत तारीख, वेळ आणि ते दोन आकडे छापून देणारी अॅप ग्रामसेवकापासून कंत्राटदारापर्यंत सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत.

मजा अशी की फोटोच्या पोटात जी माहिती साठवली जाते, तीत अक्षांश तीन तुकड्यांत असतो: अंश, मिनिटं, सेकंद, आणि सोबत उत्तर की दक्षिण सांगणारं एक अक्षर. पडद्यावर मात्र अॅप दशांश दाखवतं. म्हणजे एकाच फोटोत एकच जागा दोन लिप्यांत लिहिलेली असते. तो फोटो व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोसारखा पाठवला की पोटातली माहिती गळून पडते, पट्टीवर छापलेले आकडे तेवढे उरतात. मग कार्यालयात कुणीतरी डोळे बारीक करून ते आकडे हाताने वहीत किंवा शीटमध्ये उतरवतो. यंत्राकडून यंत्राकडे बिनचूक जाऊ शकणारी गोष्ट मधल्या टप्प्यावर माणसाच्या नजरेवर आणि बोटांवर येऊन पडते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर हे टळतं. ही एवढी साधी सूचना निरोपांमध्ये क्वचितच दिसते.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा-भूमकडच्या पुराने वेढलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर आणावी लागली. अशा वेळी जागा सांगण्याचा तिसरा प्रकार समोर येतो. विमानं-जहाजं चालवणारी मंडळी आणि हातात धरायची बरीच जीपीएस यंत्रं पूर्ण अंश आणि दशांश मिनिटं वापरतात. फोनवरचा १८.२७ हा अक्षांश त्यांच्याकडे १८ अंश १६.२ मिनिटं होतो. रूपांतर न करता कुणी १८ अंश २७ मिनिटं असं सांगितलं, तर ते ठिकाण वीस किलोमीटर उत्तरेला जातं. मदत मागताना तर प्रकार तोंडाने स्पष्ट बोलून सांगायला हवा: ‘दशांश अंश सांगतोय’ किंवा ‘अंश-मिनिटं सांगतोय’. दोन शब्द जास्त लागतात.

क्रमाचं प्रकरण आणखी वेगळं. आपण अक्षांश आधी आणि रेखांश नंतर म्हणतो. फोनमधले नकाशेही तसंच दाखवतात, २०१० मध्ये ठरलेली ‘जिओ’ दुव्याची पद्धतही तशीच. पण नकाशाशास्त्राच्या संगणकी फायलींमध्ये, जिओजेसन आणि केएमएल या दोन्हींत, रेखांश आधी असतो, कारण आलेखात आडवा अक्ष आधी लिहितात. एका वहीतून दुसऱ्या अॅपमध्ये नोंदी नेताना हा क्रम उलटला, तर धाराशिवचं ७६.०४ उत्तर, १८.१८ पूर्व होतं. तिथे उत्तर ध्रुवाजवळचा समुद्र आहे, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या थोडं दक्षिणेला. ही चूक त्या मानाने उपकारक म्हणायची. ज्वारीच्या शेताचा फोटो बर्फाळ समुद्रात दिसला की कुणीही थांबतो. आठ किलोमीटरची चूक जास्त वाईट, कारण तीही धाराशिव तालुक्यातच पडते आणि खरीच वाटते.

आणि आपल्याकडची खास अडचण आकड्यांची. हा लेख देवनागरी अंकांत छापला आहे. यातला १८.१८ कुणी कॉपी करून प्रोग्रॅमला दिला तर काय होईल ते भाषेवर अवलंबून आहे. पायथन तो आनंदाने अठरा पूर्णांक अठरा शतांश म्हणून वाचतो. जावास्क्रिप्ट ‘ही संख्या नाही’ म्हणून मोकळी होते. टिपणवहीची बरीचशी अॅप जावास्क्रिप्टवर चालतात. शिवाय वर्ड प्रोसेसर सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळवून सुंदर करतो आणि मिनिट-सेकंदांच्या सरळ खुणा ओळखणारा प्रोग्रॅम त्या वळलेल्या खुणांपाशी अडखळतो. मराठीत टिपणं ठेवणाऱ्याने मजकूर मराठीत, आणि यंत्राला द्यायच्या जागेच्या ओळीतले आकडे मात्र रोमन ठेवावेत, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं.

* * *

जागेचा एक आकडा दुसऱ्या पद्धतीत नेताना काय होतं, याची सर्वांत मोठी आणि जुनी गोष्ट याच जिल्ह्यात घडली आहे. ती तेरची.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं पेरिप्लस हे ग्रीक व्यापाऱ्याचं टिपण म्हणजे एका अर्थाने प्रवासवहीच. त्यात पैठण भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं मोठं शहर आहे. तिथला माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला उतरतो. ही जागा सांगण्याची एक पद्धत झाली: दिशा आणि दिवस. पुढच्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने भूगोलाचा ग्रंथ लिहिला आणि सुमारे आठ हजार ठिकाणांना अक्षांश-रेखांश दिले. त्यात तगरही आहे. त्याची लिहिण्याची तऱ्हा मिनिटांची नव्हती, दशांशाची तर नव्हतीच. पूर्ण अंश, आणि पुढे अपूर्णांक: अर्धा, तिसरा भाग, चौथा भाग, बारावा भाग. सर्वांत बारीक तुकडा अंशाचा बारावा, म्हणजे आजची पाच मिनिटं, जमिनीवर नऊ किलोमीटर. त्याचा शून्य रेखांश आफ्रिकेच्या पश्चिमेच्या बेटांवर होता आणि पृथ्वीचा घेर त्याने बराच लहान धरला होता, त्यामुळे भारतातली गावं शंभर अंशांच्या बऱ्याच पुढे गेली.

टॉलेमी स्वतः इकडे आला नव्हता. व्यापाऱ्यांचे दिवस, खलाशांचे अंदाज आणि आधीच्या भूगोलकारांची टिपणं यांचं त्याने अंशांत रूपांतर केलं. रूपांतर करताना दिशेचा घोळ झाला असावा, कारण त्याच्या तक्त्यात तगर पैठणच्या ईशान्येला पडतं. पेरिप्लस म्हणतो पूर्वेला. प्रत्यक्षात तेर पैठणच्या आग्नेयेला आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी हे आकडे गंभीरपणे घेतले. तगर म्हणजे देवगिरी असं एक मत होतं. भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवलं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी आजच्या बीड जिल्ह्यातलं धारूर सुचवलं. शिलाहार राजे ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, त्यामुळे नाव तर घरोघरी पोचलेलं, पण गाव कुठे ते सापडेना. अखेर १९०१ मध्ये जॉन फेथफुल फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरणाकाठचं तेर, असं मांडलं आणि ते टिकलं. आज गावात लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं शासकीय संग्रहालय आहे. मातीच्या मूर्ती, मणी, रोमन व्यापाराच्या खुणा काचेमागे ठेवल्या आहेत. गोरोबाकाकांच्या दर्शनाला येणारे वारकरी अधूनमधून तिकडेही डोकावतात.

यात मला लक्षवेधी वाटतं ते असं: पेरिप्लसचा ओबडधोबड आकडा जास्त खरा निघाला. पैठण ते तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटर. दहा दिवसांत, म्हणजे दिवसाला पंधरा. माल लादलेल्या गाड्यांना हा वेग बरोबर शोभतो. टॉलेमीचा आकडा दिसायला शास्त्रीय, पण ज्या दिवसांच्या हिशेबातून तो काढला तो हिशेब त्याने तक्त्यात शेजारी ठेवला नाही. ठेवला असता तर भांडारकरांचे आणि इंद्रजींचे कष्ट कदाचित वाचले असते.

* * *

इंग्रजी सर्वेक्षण या ढोबळ हिशेबांच्या नेमकं उलट टोकाला गेलं. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं आणि १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने १८४७ मध्ये जे पुस्तक छापलं, त्याच्या नावातच तीन अक्षांश आहेत आणि ते सेकंदापर्यंत आहेत. पहिला १८ अंश ३ मिनिटं १५ सेकंद. ते ठिकाण म्हणजे बीदरजवळचं दमरगिड्डा. तुळजापूरहून जवळपास सरळ पूर्वेला. एक सेकंद म्हणजे जमिनीवर तीस-एकतीस मीटर. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एवढी बारकाई मिरवणारा माणूस आता मिळणं कठीण.

पण एव्हरेस्टच्या आकड्यांतही एक अदृश्य गोष्ट आहे. पृथ्वीचा आकार त्याने भारताला जुळेल असा धरला होता आणि मोजणीचा उगम मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला होता. आजचा जीपीएस ‘डब्ल्यूजीएस-८४’ नावाचा, सबंध पृथ्वीला जुळणारा आकार धरतो. त्यामुळे जुन्या टोपोशीटवरून काढलेला अक्षांश-रेखांश अगदी बरोबर दशांशात बदलून फोनमध्ये टाकला, तरी ठिपका आपल्या भागात शेकडो फुटांनी बाजूला पडतो. बारव शोधायला गेलेला माणूस शेजारच्या गटात जाऊन उभा राहतो. २००५ च्या नकाशा धोरणानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने सर्वसामान्यांसाठी नवी मालिका डब्ल्यूजीएस-८४ वर काढली. जुने कागद मात्र अजून कपाटांत आहेत, स्कॅन होऊन इंटरनेटवरही आहेत.

धाराशिवकरांना या कागदांची आणखी एक डोकेदुखी आहे. जुन्या पद्धतीत ७६ अंशांचा रेखांश ही दोन मोठ्या पत्रकांची हद्द: पश्चिमेला ४७, पूर्वेला ५६. धाराशिव आणि कळंब ही दोन्ही गावं या रेषेच्या नुकती पूर्वेला. त्यामुळे परंडा-भूम ४७ मध्ये, धाराशिव-तुळजापूर ५६ मध्ये. शिवाय १८ अंशांची रेषा तुळजापूरच्या पायथ्याशी, म्हणून नळदुर्ग आणि उमरगा खालच्या तुकड्यात. पूर्ण जिल्हा एकसंध पाहायचा तर टेबलावर कागद जोडत बसावं लागायचं. मीटरच्या चौकटींत, म्हणजे यूटीएम पद्धतीत, हा ताप नाही. अख्खा जिल्हा ४३ व्या पट्ट्यात येतो. धाराशिव शहर तिथे पूर्वेकडे ६ लाख १० हजार मीटर आणि उत्तरेकडे २० लाख १० हजार मीटर असं काहीसं निघतं. एक जागा दुसरीपासून पूर्व-पश्चिम किती मीटर आणि उत्तर-दक्षिण किती मीटर, ते साध्या वजाबाकीने कळतं. मोजणीवाल्यांना हीच पद्धत सोयीची.

* * *

जागेच्या नोंदीला तारीख का लागते, ते लोहारा-उमरग्याकडे विचारावं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाला लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचं नाव मिळालं, पण सास्तूर, पेठसांगवी आणि आजूबाजूची या जिल्ह्यातली गावंही त्याच पहाटे जमीनदोस्त झाली. त्यानंतर दोन्ही जिल्ह्यांतली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली. नावं तीच राहिली. त्यामुळे जुन्या टोपोशीटवरचं गाव आणि आजच्या फोनमधलं गाव यांत जो फरक दिसतो, तो दशांशाचा नाही, एव्हरेस्टचाही नाही. गावच हललं आहे. जुन्या नकाशावरून नोंद उतरवणारा एखादा अभ्यासक हा फरक रूपांतराची चूक समजून ‘दुरुस्त’ करू शकतो, आणि तसं केलं की जुनं गावठाण नोंदीतून पुसलं जातं. भूकंपाच्या केंद्राचा अक्षांश १८.०७ असा दिलेला आढळतो. तो दशांश आहे, म्हणजे १८ अंश ४ मिनिटांच्या जरा वर. कुणी १८ अंश ७ मिनिटं असा उतरवला तर केंद्र पाच किलोमीटर उत्तरेला जातं. त्या दोन ठिकाणांच्या मध्ये गावं आहेत.

हल्ली स्वतःपुरत्या नोंदी ठेवणाऱ्यांची संख्या वाढते आहे. वीरगळ, शिलालेख, जुन्या वेशी, पक्षी, झाडं, कुणाला कशाचा नाद. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेने राज्यभरातल्या बारवांच्या जागा नकाशावर आणल्या आणि त्यातून स्वच्छता, दुरुस्ती, दीपोत्सव असं बरंच काही उभं राहिलं. ही सगळी इमारत दोन आकड्यांवर उभी असते. टिपणवहीच्या अॅपमध्ये प्रत्येक जागेचं एक पान करता येतं, पानाच्या डोक्यावर जागेची ओळ लिहिली की तीच नोंद नकाशावरही दिसते. त्या ओळीत दशांश लिहावा, कारण अॅपला तोच कळतो. पाच दशांश स्थळं पुरेत, पाचवं स्थळ म्हणजे एक मीटर. फोन आठ-दहा आकडे दाखवतो, ती हौस आहे. उपग्रहावरून मिळणारी फोनची जागा मुळात काही मीटर इकडेतिकडे असते.

पण त्या ओळीच्या खाली आकडा जसा मिळाला तसा, त्याच्या मूळ रूपात, ठेवावा हा माझा आग्रह आहे. गॅझेटियरमधून अंश-मिनिटांत घेतला असेल तर अंश-मिनिटंच लिहावीत, टोपोशीटवरून असेल तर पत्रकाचा क्रमांक लिहावा, फोनवरून असेल तर तारीख. गावातल्या कुणी ‘वेशीपासून ओढ्याच्या अंगाने दोन शेतं ओलांडून चिंचेखाली’ असं सांगितलं असेल, तर तेही. वीस वर्षांनी चिंच नसेल, पण दशांश चुकला असेल तर तो कुठे चुकला हे त्या वाक्यावरूनच सापडेल. स्वच्छ, एकसारख्या रकान्यांची आवड असलेल्यांना हे गबाळं वाटतं. त्यांनी तेरचा शोध किती काळ चालला ते आठवावं.

टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणलं आहे. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने सबंध देशाचे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिला आहे. त्यात अंश नाहीत, मिनिटं नाहीत, टिंब नाही, आधी काय लिहायचं हा वाद नाही. फोनवर सांगायला सोपं, पाकिटावर लिहायला सोपं. फक्त तो संकेत तयार होतो तो दशांश अक्षांश-रेखांशावरूनच. परंड्याच्या किल्ल्याचे १८ अंश १६ मिनिटं आणि ७५ अंश २७ मिनिटं कुणी १८.१६ आणि ७५.२७ म्हणून दिले, तरी यंत्र कुरकुर करत नाही. दहा अक्षरी नेटका संकेत देतं, किल्ल्याच्या नैऋत्येला बावीस किलोमीटरवरच्या चार मीटर बाय चार मीटरच्या एका तुकड्याचा. अंश-मिनिटांच्या यादीत निदान साठाच्या आतले आकडे पाहून शंका घेता येत होती. डिजिपिनच्या अक्षरांकडे पाहून ती घेता येत नाही.